दोन नंबरची पिशवी

ही गोष्ट मी आतापर्यंत निदान दहा जणांना सांगितली आहे आणि दर वेळी ऐकणारे पोट धरून हसले आहेत. पण दर वेळी मी तिच्यातून चोरी वगळली. चोरी वगळूनही गोष्ट चांगली रंगते, हेच माझं दुर्दैव. आज सगळी सांगते. हसायचं तिथे हसा. जिथे हसू नये असं वाटेल तिथे हसलात तरी माझी तक्रार नाही; तक्रार करायचा हक्क मी एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतःच्या नखांनी सोलून काढला.

सुरुवात माझ्या मुलीने केली. आमच्या घरात सगळ्याच गोष्टींची सुरुवात ती करते आणि निस्तरते मी. ती अकरावीत आहे. एका संध्याकाळी तिने फोन माझ्या नाकाला टेकवला आणि म्हणाली, "आई, हे बघ. जपानमधली कपड्यांची दुकानं वर्षाच्या सुरुवातीला अशा बंद पिशव्या विकतात. आत काय आहे ते सांगतच नाहीत. किंमत एका कपड्याची आणि आत कपडे चार-पाच!"

"उरलेला माल असेल."

"उरलेलाही असतो आणि एकदम भारीही असतो. उघडेपर्यंत कळत नाही, तीच तर गंमत!"

"आणि नाही आवडलं तर?"

"परत घेत नाहीत."

आमचे हे विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करतात. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "म्हणजे पैसे देऊन अपघात विकत घ्यायचा?"

खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण मी डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं लोकांना विचारते आहे : नाव? वय? कोणता डोळा? बाहेरच्या माणसाला माझा गळ्यापासून कपाळापर्यंतचाच भाग दिसतो, आणि बहुतेकांना तोही धूसर. एवढ्याशा भागासाठी कोण कपडे घेणार? माझ्या कपाटात तीन रंग आहेत : करडा, फिका करडा आणि धुऊन धुऊन करडा झालेला. त्या फोनवर मी पाहिलं, एक मुलगी पिशवी उघडते आहे, आतून काहीतरी चेरीच्या रंगाचं उसळून बाहेर येतं आहे आणि ती दोन्ही हात गालांवर ठेवून किंचाळते आहे. कपडे बघून मी शेवटची कधी किंचाळले होते ते आठवेना. धोब्याने जाळलेला कुडता आठवला, पण तो प्रकार वेगळा.

एक पिशवी मागवायची, एवढंच ठरलं होतं.

मुलीने ही बातमी समोरच्या दारात पोचवली. समोर सिस्टर राहते. ती लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचं नाव आहे, पण मजल्यावर कुणी घेत नाही. एकटी राहते. बारा वर्षांचा शेजार. अंगावर बारा महिने पांढरा गणवेश, आणि सुट्टीच्या दिवशी जुना गणवेश. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत काय आहे ते खरंच आधी कळत नाही?"

"नाही कळत."

"मग माझीही एक सांग. कळलं की मी विचार करते, आणि विचार केला की घेत नाही."

मग खालच्या शिकवणीबाई आल्या. त्या गणिताच्या शिकवण्या घेतात आणि जिन्यात बोललेलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही असं कधी झालेलं नाही. त्या आम्हाला सावध करायला आल्या होत्या. अर्धा तास शक्यतेचं गणित समजावून, ही शुद्ध फसवणूक आहे हे त्यांनी पाटीवर लिहावं तसं सिद्ध केलं. मग चहा संपवून पदार्थविज्ञानाचा नियम सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "तीन घेतल्या तर टपालखर्च एकदाच पडेल. लिहा माझीही."

तीन बायका आणि तीन बंद पिशव्या म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचे आजोबा उतरणारच होते. ते चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट भावी खटला म्हणून दिसते. "आधी लेखी करा," ते म्हणाले. "आज तुम्ही मैत्रिणी आहात. पिशव्या उघडल्यावर तुम्ही पक्षकार असाल."

आम्ही हसलो. तरी त्यांनी करार केलाच. तीन चिठ्ठ्या टाकल्या. एक नंबर मला आला, दोन नंबर सिस्टरला, तीन शिकवणीबाईंना. कलमं दोन : जिचा जो नंबर ती पिशवी तिची, रडारड नाही, अदलाबदल नाही. आणि तिघींनी एकत्र बसून उघडेपर्यंत कुणी आत डोकवायचं नाही. खाली तीन सह्या, साक्षीदार आजोबा, वेळ सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

जपानी दुकान परदेशी माल पाठवत नाही. त्यामुळे तिथल्या एका मध्यस्थाला गाठून, त्याच्याकडून पिशव्या घेववून, एका खोक्यात बांधून मागवायच्या असतात. हा पत्रव्यवहार मुलीने फोनमधल्या भाषांतरावर केला. तिने लिहिलं, पिशव्यांवर एक, दोन, तीन असे आकडे लावा. उत्तर आलं : "आकडे आनंदाने चिकटले. तुमचे नशीब आता पेटीत झोपले आहे. थंडीची काळजी घ्या." मला तो माणूस फार आवडला.

तीन आठवडे नशीब झोपून राहिलं. मग जकात कार्यालयाचं पत्र आलं. सामान अडवलं आहे, आतील वस्तूंचं तपशीलवार वर्णन द्या.

आता आली का पंचाईत! वर्णन द्यायचं तर आत काय आहे ते माहीत हवं. माहीत हवं तर उघडायला हवं. आणि वर्णन दिल्याशिवाय उघडायला मिळणार नाही. मी सरळ "कपडे" असं लिहिणार होते. पण आजोबांनी पेन काढून घेतलं. "सरकारला खोटं लिहायचं नाही. तुम्ही पाहिलेत का कपडे? नाही ना?" आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : "सदर वस्तूंचे स्वरूप खरेदीदारास अज्ञात असून ते अज्ञातच राहावे अशी खरेदीदाराची नम्र इच्छा आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या वाक्यासरशी आमचं खोकं साध्या टेबलावरून तिसऱ्या मजल्यावरच्या संशयित मालाच्या टेबलावर गेलं आणि मला जातीने हजर राहायचं फर्मान आलं.

तिथल्या खोलीत एक लांब टेबल, एक वजनकाटा आणि बाकांवर पंधरावीस माणसं. कुणाचे यंत्राचे भाग अडकलेले, कुणाचं औषध. टेबलामागे साहेब आणि साहेबांशेजारी लिहून घेणारा कारकून. साहेबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू मला दारातूनच दिसला. म्हणून तर ते स्वतः लिहीत नव्हते. प्रत्येक वस्तू उजेडाकडे धरून मोठ्याने सांगत होते आणि कारकून उतरवून घेत होता.

"आत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"सामान तुमचंच ना?"

"हो."

"तुम्हीच मागवलंत?"

"हो."

"मग आत काय आहे?"

"ते माहीत नसावं म्हणून तर मागवलं."

साहेबांनी खोक्यावरचा हात काढला. "बाई, इथे आमच्यापासून माल लपवणारे रोज येतात. स्वतःपासून लपवणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

बाकांवर हशा झाला. कान तापले, पण मी मान ताठ ठेवली. म्हटलं, "साहेब, आम्ही तिघींनी रविवारपर्यंत बघायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही उघडा, मी पाठ करून उभी राहते."

आणि मी खरोखरच पाठ केली. इथपर्यंत मी प्रामाणिक होते हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण यापुढे लक्षात ठेवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. टेबलाकडे पाठ, तोंड बाकांकडे. त्यामुळे मला कपडे दिसत नव्हते, पण कपडे बघणारे पंधरावीस चेहरे स्वच्छ दिसत होते. आणि पाठ केल्याने कान बंद होत नाहीत, ही गोष्ट साहेबांनी तोंड उघडेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

"पिशवी क्रमांक एक," साहेब गरजले. "झगा, पिवळा, झालरीचा. त्यावर ससे. ससे मोजायचे का?"

"नको साहेब," कारकून म्हणाला.

"खांद्यावरून घ्यायची झूल, पांढरी, टोपडं जोडलेली. टोपड्याला कान, नग दोन. पायमोजे, बिस्किटांच्या चित्रांचे, जोडी एक. पर्स, मांजराच्या तोंडाची."

यंत्राचे भाग सोडवायला आलेले गृहस्थ माझ्याकडे असे बघत होते, की मी ते सगळं एकाच वेळी घालणार आहे. एक नंबर माझा होता. शेहेचाळीस वर्षांची बाई, डोळ्यांच्या दवाखान्यात, कानवाली झूल घालून विचारते आहे : नाव? वय? कोणता डोळा?

"पिशवी क्रमांक दोन." साहेब थांबले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कोट. लोकरी. गडद हिरवा. कॉलर मखमलीची. आत अस्तर, त्यावर बारीक पानांची नक्षी. वा."

"‘वा’ लिहू का साहेब?" कारकुनाने विचारलं.

बाकांवरचे चेहरे बदलले. एक म्हातारी बाई पुढे झुकली. आणि मी मान वळवली. पाठ तशीच होती, फक्त मान. साहेबांनी तो कोट खांद्यांना धरून उजेडात उचलला होता आणि तो एखाद्या शांत माणसासारखा उभा होता. तीन नंबरमध्ये काय निघालं ते मी ऐकलंच नाही.

पिशव्यांना जकातीची टेप लागली आणि मी त्या घरी आणल्या. सिस्टरची रविवारपर्यंत ड्यूटी होती, म्हणून तीन दिवस त्या माझ्या कपाटात होत्या. तीन दिवस मी खिडकीवर बसून लोकांचे डोळे चुकीचे लिहिले. एका आजींचा उजवा डोळा डावा केला, त्या ऑपरेशनच्या टेबलावरून भांडत परत आल्या.

मन किती वकिली करतं बघा. मन म्हणालं, ती नर्स आहे, ती कोट घालणार कुठे? वरून पांढरा गणवेशच दिसायला हवा. मन म्हणालं, कल्पना तुझ्या घरातली, पत्रव्यवहार तुझ्या मुलीचा, जकात कार्यालयात अब्रू गेली ती तुझी, मग? मन म्हणालं, चिठ्ठी उचलताना तुझा हात आधी दोन नंबरवरच गेला होता. हे तर धडधडीत खोटं होतं, पण मनाच्या कोर्टात उलटतपासणी नसते.

मध्येच शिकवणीबाईंनी जिन्यात गाठलं. "जकातवाल्यांनी यादी दिली असेल ना? रविवारी घेऊन या, ताळा करू." माझ्या तोंडून गेलं, "अहो, ती भिजली." मग निदान हे तरी खरं व्हावं म्हणून घरी जाऊन मी यादी नळाखाली धरली. पाच मिनिटं धरली. कार्बनचं अक्षर जसंच्या तसं! त्या कार्यालयात छप्पर गळतं, भिंती गळतात. न गळणारी एकच वस्तू, ती नेमकी माझ्या वाट्याला आली. शेवटी फाडून टाकली.

रविवारी अकराला सिस्टरच्या घरी जमायचं होतं. साडेदहाला मुलगी झोपलेली, हे गच्चीत बूट पुसत होते. मी कपाट उघडलं, नखाने एक नंबरचा स्टिकर सोलला, मग दोन नंबरचा. प्रत्येक आकड्याभोवती त्या जपानी माणसाने पेनाने एक बारीक फूल काढलं होतं. घाईत एक पाकळी फाटली. ती मी थुंकी लावून बसवली. मग कपाटाच्या आरशात मला एक बाई दिसली. मी तिच्याकडे न बघता दार लावलं.

सिस्टरने टेबलावर स्वच्छ चादर घातली होती, वॉर्डातल्यासारखी कोपरे घट्ट दुमडून. आजोबा करार घेऊन हजर. आधी शिकवणीबाईंनी आपली तीन नंबरची उघडली. आतून दोन रुंद पायजमे, एक बरा सदरा आणि स्ट्रॉबेरीच्या आकाराची लोकरी टोपी, देठासकट. बाईंनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "हे काय आहे?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत डोक्यावर चढवली. ती अजून उतरलेली नाही.

मग सिस्टर. तिने टेप कापली, पिवळा झगा बाहेर काढला, मग ती झूल, आणि कान बाहेर येताच खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. झूल अंगावर घेऊन, कान सावरत म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता काही घेतलं, आणि बघा काय झालं माझं!"

मी खुर्चीत घट्ट बसून होते. माझी पाळी आली. आत काय आहे हे माहीत असताना आश्चर्य वाटून घेणं फार अवघड असतं. मी पिशवीत हात घातला आणि कोट बाहेर यायच्या आधीच "अय्या!" म्हणून बसले. मुलीने माझ्याकडे चमकून पाहिलं.

मग कोट बाहेर आला. सिस्टरने ते टोपडं मागे सारलं, कॉलरवरून दोन बोटं फिरवली, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावीत तशी, आणि म्हणाली, "तुझ्याच नशिबात होता. घाल ना."

मी घातला. म्हणजे घालायला गेले. एक हात गेला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि तिथे राहिला. मुलीने मागून ओढलं, शिकवणीबाईंनी पुढून ओढलं. कसाबसा चढला, पण बटणं आणि काजं यांच्यात वीतभर अंतर, आणि माझे हात तारेवर वाळत घातल्यासारखे दोन बाजूंना. जपानी दुकानाने ‘सर्वांना बसेल’ असं लिहिलं होतं. सर्वांना म्हणजे तिथल्या सर्वांना.

"बसतो की," मी श्वास न घेता म्हणाले.

"कुठे बसतो?" शिकवणीबाई म्हणाल्या. "तुम्ही आडव्या, कोट उभा. सिस्टर लहान चणीच्या आहेत, त्यांना द्या आणि तुम्ही तो झगा घ्या. तो तरी सैल आहे."

बघा, देव एवढा दयाळू असतो! चोराला चोरी परत करायला रीतसर दार उघडून दिलं होतं. मी लगेच म्हणाले, "हो, हो, घे तू. खरंच घे."

सिस्टरने मान हलवली. "नाही. रडारड नाही, अदलाबदल नाही. आपणच लिहिलंय. आणि मला हे कान आवडले."

"कलम एक," आजोबा समाधानाने म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांचा करार पहिल्यांदाच कुणीतरी पाळला होता.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मी तो कोट उपभोगला असं म्हणायचं असेल तर म्हणा. शिंपी मास्तरांकडे नेला. त्यांनी अस्तर उलटून शिवण पाहिली आणि कात्री लांब ठेवली. "बाई, हा मी उसवणार नाही. ज्याने शिवलाय त्याचे शाप लागतील. ज्याच्या मापाचा आहे त्याला द्या." मग मी बटणं उघडी टाकून तो दवाखान्यात घालून गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वा. भूलतज्ज्ञ म्हणाले, वा. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या एका काकांनी बाहीला हात लावून सांगितलं, "कापड उंची आहे हो." प्रत्येक ‘वा’ काट्यासारखा रुतत होता.

आणि इकडे सिस्टरने ती कानवाली झूल मुलांच्या वॉर्डात नेली. सुई म्हटलं की पलंगाखाली शिरणारी पोरं आता सशाकडूनच सुई घ्यायची म्हणून रांग लावू लागली.

हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं! एका संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "बघा, ती झूल तिच्याकडे गेली हे किती बरं झालं."

हे बूट पुसत होते. "गेली की पाठवली?"

"म्हणजे?"

"तू पिशव्या नेताना पाहिलं. दोन नंबरचा स्टिकर वाकडा होता. कडेला नखाचा ओरखडा. एकवीस वर्षं मी हेच बघतोय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पाहणी माझी," हे म्हणाले, "कबुली गाडीच्या मालकाची." आणि दुसरा बूट घेतला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सिस्टर आली. हातात बिस्किटांचा डबा, फोनमध्ये एक फोटो. चार वर्षांची मुलगी तिच्या झुलीचा एक कान मुठीत धरून झोपली होती. "महिनाभर ही कुणाला जवळ येऊ देत नव्हती," ती म्हणाली. "हे तुझ्यामुळे. तू नसतीस तर मी असलं काही घेतलं असतं का?"

हे ‘तुझ्यामुळे’ मला सोसलं नाही.

"तो कोट तुझा आहे," मी म्हणाले.

"कुठला?"

"हिरवा. दोन नंबरच्या पिशवीत तोच होता. जकातवाल्यांनी उघडलं तेव्हा मी बघितलं. मग स्टिकर बदलले."

तिच्या हातातल्या फोनवरच्या फोटोचा उजेड मावळून पडदा काळा झाला.

"कधी?"

"रविवारी. साडेदहाला."

"साडेदहाला मी दूध आणायला खाली गेले होते," ती म्हणाली. "तुला चहा दुधाळ लागतो म्हणून."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आण."

मी कोट आणला. तिने गणवेशावरूनच घातला. एकाही बटणाला ओढ नाही, एक सुरकुती नाही. माझ्या कपाटाच्या आरशासमोर ती बराच वेळ उभी होती. हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. मी मागे उभी होते. आरशात तिच्या खांद्यामागे माझा चेहरा अर्धा दिसत होता, तो मी बाजूला घेतला.

"आणि ती झूल?" मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ती मुलांची आहे," ती म्हणाली. कोट अंगावरच ठेवून ती निघाली. दारापर्यंत गेली, परत वळली, आणि टेबलावरचा बिस्किटांचा डबा उचलून घेऊन गेली. त्या डब्याचं मला कोटापेक्षा जास्त लागलं.

बारा वर्षं आम्ही सकाळी बरोबर निघत होतो. आता ती पाच मिनिटं आधी निघू लागली. मी दाराच्या आत चपला घालून, तिची पावलं खाली जाईपर्यंत उभी राहायची. हे विचारायचे, "काय, गाडी सुरू होत नाही का?" आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी तिला उशीर झाला असावा, कारण दोन्ही दारं एकदम उघडली. ती पुढे, मी चार पायऱ्या मागे. पहिल्या मजल्यावर शिकवणीबाई उभ्या, डोक्यावर स्ट्रॉबेरी.

"अगंबाई! सिस्टर, हा कोट तर ह्यांचा!"

सिस्टरने मागे वळून पाहिलं नाही. "मी मागून घेतला," ती म्हणाली. "फार आवडला होता मला."

"मागून घेतला?" बाईंचा आवाज जिन्यात घुमला. "त्या रविवारी त्या देत होत्या तर मोठ्या ताठ्याने कलम सांगितलंत, आणि मागाहून एकट्या गाठून मागितलात? एवढी हाव बरी नाही हो, सिस्टर. आणि ह्या बिचाऱ्या बघा. दिलासुद्धा! मनाचा मोठेपणा लागतो त्याला."

सिस्टर मखमली कॉलरला हात लावून उभी राहिली, आणि तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मग ती जिना उतरायला लागली.

मीही उतरले. खरं सांगते, एक अख्खा जिना मी उतरले. बाईंनी माझ्या पाठीवर थोपटलं तेही घेतलं. तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर मात्र पुढचं पाऊल पडेना. मी वळले आणि पुन्हा वर गेले.

"बाई, तिने मागितला नाही. तिचाच होता. दोन नंबर. मी स्टिकर बदलून चोरला होता."

वरच्या मजल्यावर आजोबांचं दार उघडलं. खाली सिस्टरची पावलं थांबली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा हात हळूहळू डोक्याकडे गेला.

"म्हणजे तीन नंबर?"

"तो तुमचाच होता."

"ही टोपी?"

"तुमचीच."

"कशावरून?"

"बाई, शपथेवर सांगते, तीन नंबरला मी हात लावला नाही."

"दोनाला लावला तो तीनाला का नाही लावणार?" बाई म्हणाल्या. "शक्यता नाकारता येत नाही." आणि वरून आजोबांचा आवाज आला, "जे काय असेल ते लेखी द्या!"

बाईंचा विश्वास आजतागायत बसलेला नाही. त्यांच्या पिशवीत काहीतरी भारी होतं आणि ते मी लंपास केलं, असं त्या सगळ्या इमारतीला सांगतात, टोपी डोक्यावर ठेवूनच सांगतात. एकोणीस वर्षं लोक मला आपलं वय आणि आपला डोळा निमूट सांगत आले. आता माझ्याच जिन्यात माझ्या शब्दाला किंमत नाही. त्याबद्दल कुरकुर करायची सोय नाही, कारण खाई त्याला खवखवे.

त्या सकाळी मी खाली आले तेव्हा सिस्टर फाटकाशी उभी होती. माझी वाट बघत नव्हती. तिचं वरचं बटण लागत नव्हतं. नव्या कोटाची काजं घट्ट असतात. मी तिच्यापासून दोन हात लांब थांबले. वारा बोचरा होता.

शेवटी तिने हनुवटी वर केली आणि बटण सोडून दिलं. "लाव जरा," ती म्हणाली.

मी पुढे झाले. दोनदा बटण सुटलं.

"सावकाश," ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली. "नवीन आहे."